माजघरातले सहा जण आणि सरहद्दीपलीकडचा प्रेक्षक

मराठी भाषेचा मुलूख आणि महाराष्ट्र राज्याची हद्द या दोन गोष्टी तंतोतंत एक नाहीत, याची प्रचीती ज्याला घ्यावयाची असेल त्याने नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सौंसरपर्यंत किंवा बैतुलच्या रस्त्याने पांढुर्ण्यापर्यंत एकदा जाऊन यावे. सीमा ओलांडताच दुकानांवरच्या पाट्या हिंदी होतात, तहसील कचेरीतले अर्ज, फेरफार आणि हुकूम हिंदीतून निघू लागतात, शाळेच्या पोरांची पुस्तके हिंदी होतात; परंतु ओसरीवरची बोलणी, संत्र्याच्या बागेतील मजुरांच्या हाका, पोळ्याच्या दिवशीची धांदल आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात भरणाऱ्या गोटमारीच्या जत्रेतला गलका, हे सारे मराठीच राहते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेच्या अंमलाने जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्याच्या दक्षिण अंगाच्या मराठी वस्तीसकट, नव्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. दफ्तर बदलले, जिल्ह्याचे नाव बदलले. घरातली भाषा होती तीच आहे.

अशा या सरहद्दीवरच्या मुलखात, ज्यांचे वय आज पंचविशी-तिशीच्या आसपास आहे अशा तरुण-तरुणींमध्ये एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेचे पुनर्दर्शन मोठ्या आवडीने चालते. झी मराठी वाहिनीवर ९ मार्च २०१५ रोजी सुरू होऊन फेब्रुवारी २०१६ मध्ये संपलेली 'दिल दोस्ती दुनियादारी' ही ती मालिका. तिच्यात ना सासू-सुनेचे वैर होते, ना इस्टेटीचे दावे. मुंबईतल्या एका घरात, ज्याला तिथल्या रहिवाशांनी 'माजघर' असे नाव दिले होते, निरनिराळ्या घरांतून आलेले सहा तरुण-तरुणी एकत्र राहतात, भांडतात, एकमेकांचे पैसे बुडवतात, एकमेकांच्या आजारपणात रात्री जागवतात, एवढाच तिचा ऐवज. तो एवढासा ऐवज दहा वर्षांहून अधिक काळ टिकून का राहिला, आणि तोही जिथे मराठीला राजाश्रय नाही अशा गावांत का टिकला, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम त्या सहा जणांची ओळख करून घेऊ. सरळमार्गी, हिशेबी, घराची जबाबदारी स्वतःच्या शिरावर वाहणारा सुजय साकारला सुव्रत जोशी यांनी. गिटार हाती घेऊन जगाला हसणारा कैवल्य म्हणजे अमेय वाघ. काम न करण्याचे शास्त्र अंगी बाणवलेला, खाण्यावर निस्सीम प्रेम असलेला आशू म्हणजे पुष्कराज चिरपुटकर. अभिनेत्री होण्याची ईर्षा धरलेली, तोंडाने फटकळ पण मनाने हळवी मीनल म्हणजे स्वानंदी टिकेकर; ॲनाच्या भूमिकेत पूजा ठोंबरे; आणि नव्याने लग्न होऊन मुंबईत आलेली, पतीचे मन अन्यत्र गुंतले आहे हे कळल्यावर माहेरी तोंड कसे दाखवावे या विवंचनेत माजघराच्या आश्रयाला आलेली रेश्मा म्हणजे सखी गोखले. मालिकेचे नाव ऐकताच संजय जाधव यांनी सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर काढलेल्या 'दुनियादारी' या २०१३ च्या चित्रपटाची आठवण होते, आणि ती अकारण नाही, कारण या मालिकेमागेही जाधव यांचा हात होता.

ज्या जातीची ही मालिका, त्या प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचे तंत्र मुळात साधे आहे. एक ठरलेली जागा असते. तीत चार-सहा ठरलेली माणसे असतात. प्रत्येकाच्या स्वभावाचा एक पक्का रंग असतो. एखादी लहानशी गाठ पडते, तिच्यापायी या स्वभावांची परस्परांशी टक्कर होते, हशा पिकतो, आणि गाठ सुटताच माणसे पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. शोकांतिकेत माणूस बदलतो. या प्रकारात तो बदलला तर प्रेक्षक रागावतो. अमेरिकेत 'हॅपी डेज' (१९७४ ते १९८४) या मालिकेने किशोरवयीन मुलांना अशा विनोदाच्या मध्यभागी आणले, 'सेव्ह्ड बाय द बेल' (१९८९ ते १९९३) या मालिकेने शाळेच्या वऱ्हांड्यालाच रंगमंच केले, आणि 'फ्रेंड्स' (१९९४ ते २००४) या मालिकेने घरच्या माणसांवाचून मित्रांचेच एक घर उभे करून २३६ भाग जगभर दाखवले. हिंदीत १९९८ पासून 'हिप हिप हुर्रे' या मालिकेने शाळकरी मुलांचे जग दाखविले, त्यात विनोदापेक्षा भावनेचा अंश अधिक होता. या सर्व मालिकांचे चाहते पुढे वयाने वाढले तरी त्यांच्याकडे परत वळले. 'सेव्ह्ड बाय द बेल'ला २०२० मध्ये नवा अवतार मिळाला, आणि २०२१ च्या मे महिन्यात 'फ्रेंड्स'चे सहाही नट जुन्याच नेपथ्यात पुन्हा एकत्र बसले तो कार्यक्रम पाहण्यासाठी पृथ्वीच्या पाठीवरची माणसे झोपमोड करून जागली.

मराठीत मात्र या प्रकाराला स्वतःची वंशावळ आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे मध्यमवर्गीय बिऱ्हाडातल्या विनोदाचे आद्य पुरुष, आणि मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्यांना चेहरे दिले. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ च्या 'बटाट्याची चाळ' या पुस्तकात तर एकही माणूस नायक नाही. नायक आहे ती वास्तू, आणि तिच्यात दाटीवाटीने नांदणारे सामूहिक जीवन. माजघरातल्या तरुणांवर 'फ्रेंड्स'ची छाया पडलेली आहे हे कोणीही सांगू शकेल; परंतु एका छपराखाली परक्या माणसांनी आपली होणे आणि तरीही संडासाच्या बादलीवरून वाद घालणे हा चाळीचा संस्कार आहे, तो आयात केलेला नाही. म्हणूनच ही मालिका ज्येष्ठांनाही उपरी वाटली नाही.

आता सौंसर-पांढुर्ण्याकडे वळू. दूरदर्शनच्या काळात कोणत्या गावाला कोणती भाषा ऐकू यावी, हे प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावर अवलंबून असे, आणि मनोऱ्याचा कारभार राज्याच्या सीमा पाळून चाले. उपग्रह वाहिन्यांना ही सरहद्द ठाऊक नव्हती. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी निघाली, तिचेच पुढे झी मराठी झाले. २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आली. आणि केबलवाल्याच्या तारेतून, नंतर छतावरच्या तबकडीतून, पुण्या-मुंबईत जी मराठी ज्या क्षणी ऐकली जात होती तीच त्याच क्षणी पांढुर्ण्याच्या रेल्वे स्टेशनामागच्या आळीत ऐकू येऊ लागली. शाळेत 'हिंदी'च्या तासाला गुण मिळविणाऱ्या आणि घरी वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे मराठी बोलणाऱ्या मुलांना, आपल्याच वयाची मुले मराठीत थट्टा करतात, मराठीत प्रेमात पडतात, मराठीत शिव्या गिळतात, हे दिसावयास या वाहिन्याच उपयोगी पडल्या. पाठ्यपुस्तकांनी जे दिले नाही आणि आजी-आजोबांना जे देता येणे शक्य नव्हते, ते तरुण वयाचे चालू मराठी या मालिकेने त्यांच्या कानांवर घातले.

परंतु या आवडीचे त्याहून खोल कारण निराळे आहे, असे माझे मत आहे. या मुलखात बारावीची परीक्षा झाली की घर सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. कापूस आणि संत्रे यांनी घर चालते. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, संगणक किंवा स्पर्धा परीक्षा यांसाठी नागपूर गाठावे लागते, पुढे इंदूर, भोपाळ किंवा पुणे. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, सौंसरच्या एखाद्या घरात रात्रीचे जेवण आटोपल्यावर, शेतीच्या हिशेबाची वही मिटणाऱ्या बाबांच्या आणि भाजी निवडणाऱ्या आईच्या शेजारी बसून माजघरातली ती भाड्याची खोली पाहत होती, तेव्हा ती केवळ करमणूक करून घेत नव्हती. घरभाड्याचा वाटा कसा करतात, एकाच्या खात्यात पैसे नसले तर दुसऱ्याने किती दिवस सांभाळून घ्यावे, घरच्यांना फोनवर काय सांगावे आणि काय सांगू नये, परजातीच्या व परधर्माच्या मैत्रिणीबरोबर एका ताटात जेवताना काही बिघडत नाही, या सर्वांचा तो पूर्वाभ्यास होता. आणि तो तिच्या भाषेत होता. शेजारी बसलेल्या आईलाही, लेक उद्या परगावी गेली तर कशा माणसांत राहील, याची कल्पना त्याच पडद्यावरून येत होती. पुढे ती मुलगी नागपूरच्या खोलीत राहू लागली आणि रात्री आईचा फोन आला, 'जेवली का वं बाई?' असा, तेव्हा आईने तिला एकटीला विचारले नाही. तिच्या खोलीतल्या तिघींची नावे घेऊन प्रत्येकीचे विचारले. ही सवय या मालिकेनेच लावली असे म्हणणे अतिशयोक्त होईल; परंतु परगावची खोली म्हणजे बेबंदशाही, ही जुन्या पिढीच्या मनातली धास्ती सौम्य करण्यात तिचा वाटा होता, हे निश्चित.

आज तीच मुलगी पुण्यात नोकरी करते, तिची खोली सुटली, सोबतिणींची लग्ने झाली. आता ती मालिका पुन्हा पाहते तेव्हा पूर्वाभ्यासाचे स्मरणात रूपांतर झालेले असते. मानसशास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, उतारवयात माणसाला आपल्या आयुष्यातील ज्या घटना अधिक ठळकपणे आठवतात त्या बहुतांशी दहा ते तीस या वयातल्या असतात. त्या काळात ऐकलेले गाणे, पाहिलेले नाटक, वापरलेली भाषा यांवर स्मृतीचा ठसा गडद उमटतो. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये आणखी एक गोष्ट प्रयोगांनी सिद्ध केली, ती अशी की, वारंवार परिचयात आलेली वस्तू माणसाला त्या परिचयामुळेच अधिक प्रिय होते. पाहून झालेल्या मालिकेत पुढे काय होणार ही चिंता नसते. दमलेल्या माणसाला नव्या कथेतली अनिश्चितता नको असते, ठाऊक असलेला हशा हवा असतो. विनोदी मालिकेत पात्रे बदलत नाहीत, हा तंत्राचा नियम इथे प्रेक्षकाच्या उपयोगी पडतो: आपण बदललो, आशू मात्र अजून लोळतोच आहे.

हे पुनर्दर्शन शक्य झाले ते साधनांमुळे. जुन्या दूरदर्शनच्या काळी चित्रफिती महाग असत, आणि पुष्कळ फितींवरचा जुना कार्यक्रम पुसून नवा मुद्रित केला जाई. त्यामुळे त्या पिढीचे कित्येक आवडते भाग केवळ सांगोवांगी उरले. पुढे २०१८ मध्ये झी फाइव्हसारखे मंच आले आणि साऱ्या मालिकांचे दफ्तर प्रेक्षकाच्या खिशात येऊन बसले. इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. 'दिल दोस्ती दुनियादारी' संपली फेब्रुवारी २०१६ मध्ये. जिओच्या स्वस्त डेटाचे युग सुरू झाले सप्टेंबर २०१६ मध्ये. म्हणजे पांढुर्ण्यासारख्या गावांतल्या घरात एकाच पडद्यापुढे आजी, आई-बाप आणि पोरे मिळून तरुणांची मालिका पाहण्याचा जो काळ होता, त्याच्या अगदी अखेरच्या टोकाशी ही मालिका उभी आहे. माजघरातले सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहून तासन्‌तास बोलतात, हे आजच्या प्रेक्षकाला पहिल्यांदा खटकते आणि मग हवेहवेसे वाटते. आज ती मालिका जो तो आपापल्या मोबाइलवर, कानात तार घालून पाहतो. तिची आठवण मात्र एकत्र बसण्याची आहे.

चाहत्यांचे प्रेम पात्रांवरून नटांवर जाते, हेही ओघाने आले. २०१७ मध्ये याच सहा जणांना घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' ही दुसरी मालिका काढली गेली. पात्रे नवी, चेहरे तेच. परंतु पहिलीचे भाग्य तिला लाभले नाही, आणि माणसांपेक्षा त्या घराचीच ओढ प्रेक्षकाला अधिक होती, हे त्यातून उघड झाले. त्याआधी, २०१६ मध्ये, मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेले आणि निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेले 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले आणि पूजा ठोंबरे होते. एका छायाचित्रगृहातून भूतकाळात शिरणाऱ्या तरुणांची ही कथा पाहण्यासाठी, एरवी नाट्यगृहाची पायरी न चढणारा विशी-पंचविशीतला प्रेक्षक आला. व्यावसायिक रंगभूमीवर नव्या प्रेक्षकाची वानवा असताना एका दूरचित्रवाणी मालिकेने तो मिळवून द्यावा, ही लहान कामगिरी नाही.

पुढे प्रत्येकाने आपापली वाट धरली. अमेय वाघ यांनी 'मुरांबा' आणि 'फास्टर फेणे' (दोन्ही २०१७) हे चित्रपट केले, 'असुर' या हिंदी मालिकेत अगदी वेगळ्या प्रकृतीची भूमिका केली. सुव्रत जोशी हे 'गोष्ट एका पैठणीची' या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात दिसले. स्वानंदी टिकेकर यांनी अभिनयाबरोबर गाण्यालाही न्याय दिला, आणि गायिका आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या कन्येने तो द्यावा हे उचितच. सखी गोखले यांच्या घरची परंपरा तर मालिकांच्याच इतिहासातून येते: 'मिस्टर योगी'तले मोहन गोखले हे त्यांचे वडील, आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तल्या शामला, म्हणजे शुभांगी गोखले, या त्यांच्या आई. टिपऱ्यांच्या घरात आईवर लोभ केलेल्या प्रेक्षकाने माजघरात लेकीवर लोभ केला. पडद्यावर मित्र असलेले सखी आणि सुव्रत यांनी २०१९ मध्ये लग्न केले, तेव्हा माजघराच्या चाहत्यांना आपल्याच घरी कार्य निघाल्यासारखे वाटले.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, एरवी हे केवळ भाटगिरीचे लेखन होईल. रोजच्या मालिकेचा गाडा ओढताना हिच्यातही पुष्कळ भाग पाण्यात पीठ कालवल्यासारखे पातळ झाले आहेत. आशूच्या खादाडपणावरचा विनोद दहाव्यांदा हसवत नाही. रेश्माच्या दुःखाला जेथे न्याय मिळावयास हवा होता तेथे पुष्कळदा थट्टेची झूल घातली गेली आहे. पुन्हा पाहणारा चाहता हे पाहतो आणि पुढे ढकलतो. पण त्याने ते पाहावे हेच बरे, कारण डोळे उघडे ठेवून केलेले प्रेम अधिक टिकते.

त्याहून मोठी उणीव सरहद्दीवरून दिसते. माजघरात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले रंग आले. परंतु सौंसर-पांढुर्ण्याकडची, नागपुरी वळणाची, हिंदीशी सहज सोयरीक केलेली मराठी तिथे नव्हती. ही बोली मराठी पडद्यावर येतच नाही असे नाही. 'चला हवा येऊ द्या' या २०१४ पासूनच्या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडीला घरोघरी नेऊन पोचविले आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. परंतु तेथे ती बोली बोलणारा माणूस बहुधा हास्याचे निमित्त असतो. सहा मित्रांतला एक, इतरांइतकाच हळवा, इतरांइतकाच अर्धवट, इतरांइतकाच प्रेमात पडणारा असा तो क्वचितच दिसतो. ज्या मुलाने कचेरीची हिंदी आणि घरची मराठी अशा दोन भाषांत बालपण काढले, त्याच्याजवळ विनोदाची सामग्री पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा तिळभरही कमी नाही.

म्हणून चाहत्यांना आणि लेखकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चाहत्यांनी जुने भाग पाहावेत, अवश्य पाहावेत, आणि जमल्यास एकदा तरी घरच्या माणसांना शेजारी बसवून मोठ्या पडद्यावर पाहावेत. मात्र त्या नटांना कैवल्य, सुजय किंवा रेश्मा या नावांत जन्मभर कोंडून ठेवू नये, त्यांची नवी नाटके आली तर नागपूरच्या नाट्यगृहापर्यंत येण्याचे कष्ट घ्यावेत. आणि जो कोणी लेखक उद्या मराठीत पुन्हा अशी भाड्याची खोली मांडील, त्याने तिच्या सहा किल्ल्यांतली एक किल्ली पांढुर्ण्याच्या एखाद्या पोराच्या किंवा सौंसरच्या एखाद्या पोरीच्या हाती द्यावी. तिथला प्रेक्षक मराठी मालिका पंचवीस वर्षे निष्ठेने पाहत आला आहे. त्याने त्यांच्यात स्वतःलाही पाहावे, इतका त्याचा हक्क आहे.